पाठ असलेलं स्तोत्र

बायबलमधलं वचन पाठ असलं तरी ते शास्त्र उघडून, हातात धरूनच म्हणायचं, ही आमच्या घरची शिस्त. लहानपणी एकदा मी ऐटीत नुसतंच म्हणून दाखवलं, तर आई म्हणाली, "रिकाम्या हातानं देवाशी बोलून राहिली का वं?" त्यामुळे काचबिंदूनं तिची नजर नेली तरी प्रार्थनेच्या वेळी शास्त्र तिच्या मांडीवर असायचंच.

गेलेली नजर परत येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. चर्चच्या मंडळीनं मात्र ते मनावर घेतलं नव्हतं. पांढुर्ण्यात आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची संगती, आणि रविवारी उपासनेला सौंसरहून येणारे पाळक. प्रत्येक प्रार्थनेत आईचे डोळे असत. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. त्यामुळे ज्यांचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही असे शेजारीही संगतीला येऊन मागे बसत आणि "आमच्या नर्सबाईसाठी" म्हणून हात जोडत. जाताना आपल्या बागेतली संत्री ठेवून जात.

त्या शुक्रवारी संगती आमच्याकडे होती. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं, उदबत्ती नसतानाही घरात कसलासा गोड वास होता. वचन म्हणायची आईची पाळी आली. तिनं शास्त्र उघडलं. वर्षानुवर्षांच्या वापरानं ते त्याच पानावर उघडतं. तिचं बोट ओळीवरून सरकू लागलं आणि ती तिचं लाडकं स्तोत्र म्हणू लागली, सावकाश, एकेका शब्दावर रेंगाळत. मध्येच बरोबर जागी तिनं पानही उलटलं.

"माय वं! बाई वाचून राहिल्या!" कोपऱ्यातली एक बाई ओरडली. "बाईले दिसून राहिलं!"

मग काही विचारू नका. कोणी रडतंय, कोणी हालेलूया म्हणतंय, कोणी पाळकांना फोन लावतंय. शेजारणीनं साखर आणून सगळ्यांच्या तोंडात घातली. आई काहीतरी बोलायला गेली, पण त्या गलक्यात तिचं कोण ऐकणार? फोनवरून पाळकांनी सांगितलं, रविवारी बाईंनी साक्ष द्यावी. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं, ही आमच्यातली साक्ष. ती नेहमी गोडच असते. मागितलं आणि मिळालं नाही, अशी साक्ष मी तरी ऐकली नव्हती.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "आई, खरंच दिसलं?"

"रविवारी सांगीन."

"मला तरी आत्ता सांग."

"पहिले त्याले विचारू दे," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

मी मोहगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी तपासा, असं पोरांना बजावते. आईच्या डोळ्यांसमोर बोट धरायला कितीसा वेळ लागला असता? पण मी नाही धरलं. मला तपासायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा बहरल्या होत्या, खिडकीतून तो वास येऊन अंगावर बसत होता, आणि मी अर्धवट झोपेत आईला कुठं कुठं नेत होते. ती बागेतून पुढे चाललीय, पांढरी फुलं बघतेय, मागे वळून मला म्हणतेय, किती वाळलीस गं. माझा थांबा आला तरी मला उठावंसं वाटेना. गावभर तर एव्हाना झालंच होतं. किराणावाला म्हणाला, "ताई, बाईले दिसू लागलं म्हणते?" मी नुसती हसले. ते हसणं किती सुखाचं होतं!

रविवारी आईचा हात धरून मी तिला पुढे नेलं. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं. डोळसाला कुणाचा हात धरावा लागत नाही.

"शुक्रवारी म्या वाचलं नाई," आई म्हणाली. "ते स्तोत्र मले पाठ हाय. बोट फिरवाची, पान पलटवाची सवय हाय, म्हणून हात फिरला. मले दिसत नाई."

मग साखर वाटणारी शेजारीण कळवळून म्हणाली, "बाई, विश्वासानं म्हणा ना, दिसते म्हणून. म्हटलं तं होईन."

"ज्याच्याशी लबाडी करा लागते, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" आई म्हणाली. मग तिनं तिथंच मान खाली घातली. "प्रभू, मले दिसाचं हाय. लेकीचे केस पिकले म्हणते ते, मले पाहाचे हायत. तू नाई देशीन तं मले राग येईन. आताबी येऊन राहिला. पण मी तुले सोडून कोठी जात नाई."

ती बसली. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही प्रार्थना करा." मंडळीत माझ्या प्रार्थनेचं कौतुक आहे. भारदस्त शब्द, कुठं अडखळणं नाही. मी उभी राहिले. माझ्या बागा, फुलं, मागे वळून बघणारी आई, सगळं डोळ्यांतून वाहत होतं.

"प्रभू," मी म्हटलं, "मला माझी आई अशी आंधळी नको आहे. मला तुझा फार राग आलाय."

पुढे शब्दच आला नाही. मी तशीच उभी होते. तेव्हा माझ्या शेजारून आईनं, प्रार्थना पुरी झाली असं समजून, मोठ्यानं "आमेन" म्हटलं.