चर्चचं बंद दार
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला फ्लोरिडातला तो जुना स्पॅनिश चौक आठवतो. ऐंशीच्या दशकातली संध्याकाळ होती. तुमचे आजोबा स्मारकावरची नावं वाचत होते, मी जुन्या बाजाराचे खांब न्याहाळत होते, आणि चार वर्षांची तुमची आई दिसेनाशी झाली. “अहो, तुमच्याजवळ होती ना?” “मला वाटलं, तुझ्याजवळ!” चौक रिकामा होत होता, पलीकडचं खाडीचं पाणी काळं पडत होतं. एवढ्यात कुलूप लागलेल्या चर्चच्या पायरीवर तिचे बूट दिसले, देवळाबाहेर काढतो तसे जोडीने काढलेले. आम्ही दार बडवलं, पण आतून आवाज येईना. आत न पाहताच कुलूप लावून गेलेल्या रखवालदाराने परत येऊन दार उघडलं तेव्हा ती काळोखात, विझलेल्या मेणबत्त्यांच्या वासात बाकावर बसली होती. “श्श, गॉड इज स्लीपिंग,” म्हणाली. आजही देवळाबाहेर लहान बूट दिसले, की ते घालायला मूल येईपर्यंत मी तिथून हलत नाही.