स्लोवाकियाचा चिखल आणि माझी सुट्टी

फोनवर तीनदा सांगितलं, देशाचं नाव स्लोवाकिया. तरी जुबेदा, माझ्या लेकी, तू गावभर सांगितलंस, "अम्मा स्वित्झर्लंडला गेली." दूध चुलीवर ठेवून लग्नाला निघून जाणारी माणसं तुम्ही. म्हणून समोरच्या घरातल्या हिल्डा नर्सकडून लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही पण आठवतं. तुमचं उलटं आहे.

इथे आखातात, मुहर्रकला ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथल्या मालकिणीचे गुडघे धरले होते. स्लोवाकियाच्या गरम चिखलाने ते सुटतात म्हणे. तिला परक्या हातचं जेवण चालत नाही, म्हणून मीही बरोबर. निघण्याआधी मी स्पष्ट विचारलं, "डिसेंबरात नातीचं लग्न आहे. माझी सुट्टी यात जाणार नाही ना?"

"हे काम आहे, सुट्टी नव्हे," ती म्हणाली. म्हणून गेले.

विमान व्हिएन्नाला उतरतं. पुढे मोटारीने पिएश्तानी गाव, दुतर्फा सूर्यफुलांची शेतं. सीमेवर पासपोर्ट बघतात. माझा जरा जास्तच बघितला. देश नवा आहे, चेकवाल्यांपासून नुकताच वेगळा निघालाय. आपल्याकडे दोन भाऊ वेगळे झाले तर डोकी फुटतात. यांनी भांडंसुद्धा न आपटता वाटणी केली.

खायला बटाट्याच्या पिठाचे बारके गोळे मिळतात, वर मेंढीच्या दुधाचं आंबट चीज. चव चांगली, पण त्यावर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, तेव्हा ताट पुढे येण्याआधीच हाताने नको म्हणा. जर्दाळू स्वस्त आणि गोड. उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो.

गावातल्या नदीवर छपराचा पूल आहे. त्याच्या तोंडाशी एक पुतळा, गुडघ्यावर स्वतःची कुबडी मोडणारा माणूस. बरा झाला म्हणून. मी रोज भाजीच्या दोन पिशव्या घेऊन लंगडत त्याच्यासमोरून जायचे. तो आपल्या कुबडीत गुंतलेला.

चिखल काळा असतो, वास सडक्या अंड्यांचा. तो थापणारी बाई माझ्याच वयाची. माझी चाल बघून तिने बाकावर हात आपटला, बस म्हणून. मी बसतेय तोवर मालकीण आतून म्हणाली, "यल्ला, चल ऊठ, भात लाव."

भात लावला.

परत आल्यावर डिसेंबरच्या तिकिटाचं काढलं. मालकिणीचा मुलगा पेपर वाचत होता.

"लीव खलास," तो म्हणाला. "युरोप फिरून आलीस ना?"

"ते काम होतं. तुझ्या आईला विचार."

मी तिच्याकडे बघितलं. तिला आता काठी लागत नाही. ती चालत आतल्या खोलीत गेली.

देश कसा विचाराल, तर हिरवा, थंड, माणसं कमी बोलणारी, भाजीवाली मापात मारत नाही. अवश्य जा. फक्त दुसऱ्याचा भात लावायला जाऊ नका.

तर मी लग्नाला येत नाही. रुबिना, नवरी आहेस, रडू नकोस, तोंड सुजतं, आणि तुझं आधीच भाकरीएवढं आहे. लग्न आटपून तुमच्या शेजारचा उस्मान इकडे ड्यूटीवर परत येईल. त्याच्या हाती सांदणं द्या. ताज्या नारळाची, नीट वाफवलेली. पंगत बसायच्या आधी माझा वाटा बाजूला काढा. उरलेली पाठवू नका.