उरलेल्या नऊ फायली

प्रीती कांबळेला कुणी विचारलं, "बाई, तू करतेस तरी काय?" तर "कॉम्प्युटरवर असते" एवढं सांगून ती मोकळी व्हायची. उचगावात तेवढ्यानं भागायचं. खरं काम सांगायला बसलं, तर समोरचा दुसऱ्या वाक्याला चपला शोधायला लागायचा.

राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानावर यशराज सरांचं ऑफिस होतं. कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं सॉफ्टवेअर तिथून चालायचं. भंगार किती आलं, ओतीव माल किती गेला, परत किती आला, सगळं त्यात. या प्रत्येक गोष्टीचा डेटाबेसमध्ये एक तक्ता आणि प्रत्येक तक्त्यामागं एक फाईल. तिला मॉडेल क्लास म्हणतात. ही फाईल माणसानं लिहायची नसते. एक कमांड दिली, की तक्ते वाचून यंत्रच सगळ्या फायली लिहून काढतं. तक्ता बदलला, की पुन्हा कमांड द्यायची आणि नव्या फायली घ्यायच्या.

पण या ऑफिसात ती कमांड द्यायला सगळे घाबरत. कारण पहिल्यापासून ज्यानं त्यानं फौंड्रीचे नियम त्याच फायलींच्या पोटात हातानं लिहून ठेवले होते. फौंड्रीतून फोन यायचा, "पावसाळ्यात भंगार भिजून येतंय, वजनात दोन टक्के ओल धरा की." लगेच थेट सर्व्हरवर फाईल उघडायची आणि चार ओळी घुसडायच्या. दुसरीकडं प्रत ठेवायला वेळ कुणाला? अशा एकशेचाळीस फायली झाल्या. कमांड दिली असती, तर यंत्रानं त्या कोऱ्या करकरीत लिहिल्या असत्या आणि माणसांचं सगळं पुसलं गेलं असतं.

प्रीती तिथं अकरा वर्षं होती, कंत्राटावर. दर वर्षी सहीचा एक कागद यायचा. कायम झालेल्यांना ऑफिसचा विमा होता, त्यात आईवडीलही धरत. प्रीतीची आई सरुबाई दोन वर्षांत दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले होते, बदलावे लागतील. सरुबाई खिडकीत बसून भाजीवाल्याशी वरूनच भांडायची आणि दोरीनं पिशवी सोडायची.

फेब्रुवारीत सर म्हणाले, "प्रीती, पुण्याचे लोक आपलं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतायत. पण त्यांची अट आहे, कमांड बिनधास्त चालली पाहिजे. तेवढं करून दे. तुझं कायमचं पत्र मी स्वतः टाईप करतो."

त्यावर उपाय तिला केव्हाचा माहीत होता. यंत्रानं लिहिलेलं एका फोल्डरमध्ये ठेवायचं, तिथं माणसानं हात लावायचा नाही. माणसाचे नियम दुसऱ्या फोल्डरमध्ये, नव्या फायलीत. ही फाईल यंत्राच्या फायलीकडून सगळं वारशानं घेणार. मग कमांड हजार वेळा द्या. उपाय दोन वाक्यांचा, काम आठ महिन्यांचं. रोजचे फोन सांभाळून ती एकेक फाईल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची, यंत्राचं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते निवडायची, वेगळं करायची, तपासायची.

"तांदूळ निवडायलीस व्हय गं?" ऑफिसातले सगळ्यात जुने आकारामकाका विचारायचे. फौंड्रीचे फोन तेच घ्यायचे.

"तांदळात खडे दिसतात तरी, काका."

नियम कुणाच्या सांगण्यावरून घातला, त्याचं नाव वर लिहायची तिची पद्धत होती. वजनकाट्यावरचे गुंडूमामा. स्टोअरचे केरबाअण्णा. निवडता निवडता अकरा वर्षांतली माणसं पुन्हा भेटत होती. ते तिला आवडायचं, पण ती बोलून दाखवायची नाही.

दसऱ्याआधीच्या शनिवारी सर जिन्यात भेटले. हातात गाडीची किल्ली, कानाला फोन. "झालं का गं?"

एकशेएकतीस झाल्या होत्या. नऊ उरल्या होत्या, सगळ्यात किचकट म्हणून मागं ठेवलेल्या. खंडेनवमी-दसऱ्याची सुट्टी येत होती. मशीन घरी नेलं तर सुट्टीत उरकेल, असा तिचा हिशेब. अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "झालं, सर."

खंडेनवमीला सकाळी ऑफिसात पूजा झाली. कीबोर्डना हळद-कुंकू, मॉनिटरना झेंडूच्या माळा. प्रसाद घेऊन प्रीती आपल्या मशीनची वायर काढायला वाकली.

"ए पोरी!" आकारामकाका ओरडले. "पूजेतलं यंत्र हलवत्यात काय? परवा ने."

"काका, थोडंच काम राहिलंय."

"काम कुठं पळून जातंय? हात लावू नगंस."

तिनं वायर सोडली. भांडावंसं वाटलं, पण नऊ राहिल्यात हे तिला सगळ्यांदेखत सांगायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सर घरून पुण्याच्या लोकांना फोनवर स्क्रीन दाखवत होते. एका तक्त्यात नवा रकाना घातला, "बघा आता," म्हणाले आणि थेट सर्व्हरवर कमांड दिली. जुन्या फायलींवर लिहू का, असं यंत्रानं विचारलं. सरांनी होय म्हटलं. एकशेएकतीस फायलींना काही झालं नाही. नऊ कोऱ्या झाल्या.

दसऱ्यानंतर पहिला फोन गुंडूमामांचा. "प्रीती, काटा खुळा झालाय की गं! भंगारातलं पाणी लोखंडात धरायलाय!"

ऑफिसातली जुनी प्रत दोन वर्षांपूर्वीची निघाली. त्यातून दोन फायली सावरल्या. बाकीच्यांसाठी ती वही घेऊन कागलला गेली. काट्याच्या खोपटात गुंडूमामांनी चहा पाजला आणि डोळे मिटून एकेक नियम आठवून सांगितला. "ओल दोन टक्के. गणपतीनंतर एक. ट्रक सांगलीकडचा आसंल तर परत तोलायचा. का ते इचारू नगंस." तीन दिवसांत आठ फायली उभ्या राहिल्या.

नववी होती परत आलेल्या मालाची. तिच्यातला नियम केरबाअण्णांनी सांगितला होता. फोन आला तेव्हा ती डबा खात होती, हे तिला आठवत होतं. भाजी कुठली होती तेही. दोनच ओळी घातल्या होत्या. त्या दोन ओळी काही केल्या आठवेनात. केरबाअण्णा गेल्या मार्गशीर्षात वारले होते. स्टोअरमधला नवा माणूस म्हणाला, "मला काय ठावं न्हाय, मॅडम. अण्णा सगळं डोक्यात ठेवायचे."

सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. "तू झालं म्हणालीस, प्रीती. मी त्या लोकांसमोर कमांड दिली." पुण्याचे लोक पुन्हा बोललेच नाहीत. फौंड्रीनंही कळवलं, जानेवारीपासून तयार पॅकेज घेतोय. "तोवर आहेस तू," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी सरुबाईनं विचारलं, "पत्र गावलं का गं?"

"आई, नाही मिळणार ते."

सरुबाईनं दोरीची पिशवी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि भिंतीला धरून आत गेली. चार पावलांना तिला किती वेळ लागतो, ते प्रीती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं माणसांच्या फोल्डरमध्ये एकशेचाळिसावी फाईल तयार केली. वर नाव लिहिलं, केरबाअण्णा. खाली लिहिलं, "इथं नियम होता. काय होता ते माहीत नाही." मग तिनं स्वतः कमांड दिली, पहिल्यांदाच. यंत्रानं आपल्या फोल्डरमधल्या एकशेचाळीस फायली नव्यानं लिहिल्या. माणसांच्या फोल्डरमधली एकही ओळ हलली नाही.

पलीकडं फोन वाजत होता. आकारामकाकांनी उचलला, परत आलेल्या मालाचा आकडा जुळत नाही हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय व्हय, सांगतो तिला. पर आता जानेवारीपतूर चालवून घ्या, पावणं."