रातपाळीचं नखुरडं

परळच्या एका इस्पितळात मी सर्जरीची हाउसमन, म्हणजे उमेदवार डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. हरताळ पडला की बसगाड्या बंद, आणि बसगाड्या बंद की लांब राहणारे डॉक्टर गैरहजर. मी वेळ पडली तर गिरगावातून चालत येते हे आमच्या सरांना कळलं आणि रात्रीची ड्युटी माझ्या गळ्यात पडली. दोन आठवड्यांसाठी म्हणून दिलेली ड्युटी दीड महिना झाला तरी संपेना. दिवसा झोपावं तर चाळीत झोपू देतंय कोण! खाली सभेचा कर्णा लागलेला, आणि आई "जेवून तरी झोप" म्हणून नेमकी डोळा लागला की उठवायची.

आधी डोळ्याला रांजणवाडी आली. ती बसते न बसते तोच घसा धरला. घसा सुटला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखुरडं झालं. आईनं तीनदा दृष्ट काढली. मी पेनिसिलिन घेतलं, रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही आणि बोट काही बरं होईना.

थिएटरात हात धुवायला उभी राहिले तेव्हा सरांनी ते बोट पाहिलं. नखं कशी कापावीत यावर विद्यार्थ्यांसमोर मला व्याख्यान ऐकवलं. मी म्हटलं, दीड महिना जागरण चाललंय, अंगातली प्रतिकारशक्तीच संपलीय.

"जंतू घड्याळ बघून येत नाहीत, डॉक्टर," सर म्हणाले. मग त्यांच्या वेळी ते किती जागत, ते सांगितलं. मला थिएटरातून काढून सकाळच्या ड्रेसिंगला बसवलं आणि रात्रीची ड्युटी होती तशीच ठेवली. माझं बोट ऑपरेशनला चालत नव्हतं, जागायला मात्र चालत होतं.

ड्रेसिंगला लालबागचा एक गिरणी कामगार यायचा. मूळचा कोकणातला. यंत्रात सापडून त्याचा तळहात फाटला होता. मी हातमोजा चढवून त्याची पट्टी बदलायचे. तिसऱ्या आठवड्यात त्याची जखम भरत आली आणि माझं बोट अजून वाहतच होतं. त्याच्या ते ध्यानात आलं. रातपाळीला असलं की त्यालाही गळवं यायची, पाळी बदलली की आपोआप बसायची, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "आमची पाळी महिन्यानं बदलते. बाय, तुमची बदलत नाय?"

मला त्याचाच राग आला. त्या दिवशी त्याची पट्टी मी जरा जास्तच आवळली.

चार दिवसांनी सकाळी नोंदवहीत सही करताना थंडी वाजून आली. बाही वर केली तर बोटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उठलेली. ज्या वॉर्डात ड्युटी केली, त्याच्याच शेजारच्या वॉर्डात मला खाट मिळाली. तीन दिवस मी नुसती झोपून होते. नर्स इंजेक्शनपुरती उठवायची. आठव्या दिवशी बोट कोरडं झालं.

राउंडला आलेले सर म्हणाले, "शेवटी पेनिसिलिननंच काम केलं ना?"

"तेच पेनिसिलिन आधीही घेतलं होतं, सर," मी म्हटलं. "या वेळी फक्त झोपायला मिळालं."

त्यांनी केसपेपरवर सही केली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

पुन्हा रुजू झाले तर तक्त्यावर रात्रीसमोर माझंच नाव. या वेळी मी अर्ज लिहून सरळ नकार दिला. सरांनी दिवसाची ड्युटी दिली आणि पुढे महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण हाउसमनची मुदत संपल्यावर मिळालेल्या दाखल्यात त्यांनी लिहिलं होतं, 'काम चोख, प्रकृती नाजूक.' सर्जरीच्या पुढच्या दोन जागांच्या मुलाखतींत मला कामाबद्दल कोणी विचारलंच नाही, प्रकृतीबद्दलच विचारत राहिले. दोन्ही जागा गेल्या. पुढे मी दादरला दवाखाना काढला. तो चांगला चालला, पण त्या दाखल्याचा विषय निघाला की माझं डोकं आजही फिरतं.