माझ्या वाट्याचं नारळपाणी

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. कोरोना झाला तेव्हा नव्हता. आमच्या भिलाईत तेव्हा घरोघरी कोणी ना कोणी खोकत होतं, मग मीच काय एकटा लाडका लागून गेलो होतो? राग आला तो नंतर. ताप उतरला, आता ऑक्सिजन हळूहळू काढू असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नेमकं तेव्हाच माझं अंग सुजायला लागलं. चेहरा जड झाला, पाय फुगले, लघवी जवळजवळ थांबली. हा आजार छातीतून किडनीपर्यंत पोचू शकतो, हे तोवर माझ्या कानावरही आलं नव्हतं. रक्त तपासायला गेलं होतं, रिपोर्ट यायचा होता. मी मनातल्या मनात देवीला म्हणालो, एका खड्ड्यातून काढलंस ते दुसऱ्यात ढकलायलाच ना?

त्या दिवसांत जाग कुठे संपते आणि झोप कुठे सुरू होते ते कळायचं नाही. उशाशी ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडत असे. तो आवाज ऐकता ऐकता मी शिवनाथ नदीत गुडघाभर पाण्यात उभा असायचो. पलीकडच्या काठावर देवी बसलेली, एखाद्या मावशीसारखी, ओले केस मोकळे सोडून. मी ओंजळ भरायचो आणि तोंडाशी नेली की ती रिकामी निघायची. देवी नुसती बघत राहायची. मला तहान लागली आहे हे तिला दिसत नाही का, म्हणून मी चिडायचो, आणि चिडूनच जागा व्हायचो.

अशाच एका दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, देवळाले कुलूप हाये, मंग मी जाळीसमोरच नारळ फोडला. त्याचं पानी थर्मासात भरून पाठवून राहिली. समदं तुमीच प्या, कोनाले देऊ नका. तुमाले बरं वाटन." तिला आत यायची परवानगी नव्हती. गेटवर ठेवलेला थर्मास वॉर्डबॉयनं आणून माझ्या आणि शेजारच्या खाटेच्या मधल्या टेबलावर ठेवला.

झाकण उघडलं आणि तो ओला, गोडसर वास आला. जीव अगदी त्या पाण्यासाठी तळमळत होता. पण आमच्या घरची शिकवण आडवी आली. पारोशानं प्रसाद घ्यायचा नाही, हे आईनं इतकं अंगात मुरवलंय की मरणाच्या दारातही मी आंघोळीचा विचार करत बसलो. आंघोळ तर शक्यच नव्हती. म्हटलं, सिस्टर अंग पुसायला येतील, मग देवीचं नाव घेऊन पिऊ. झाकण लावलं आणि वाट बघता बघता डोळा लागला.

उठलो तर थर्मास रिकामा होता.

शेजारच्या खाटेवर हथखोजच्या एका कारखान्यात काम करणारे, माझ्याच वयाचे एक छत्तीसगढी गृहस्थ होते. गाव लांब, गाड्या बंद, त्यामुळे त्यांच्या नावानं गेटवर कधी काही येत नसे. माझी नजर थर्मासावरून त्यांच्याकडे गेली तशी त्यांनी मान खाली घातली.

"मोला अब्बड़ पियास लागिस, भैया," ते म्हणाले. "मैं पी डारेंव."

"परसाद था वो," मी म्हणालो. "मेरे लिए था." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू येत होतं. देवीनं माझ्यासाठी धाडलेलं एवढंसं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरू नये, याचं फार वाईट वाटलं. तिनं आपल्या यादीतून माझं नावच काढून टाकलंय, असं वाटलं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई जवळजवळ धावतच आल्या. हातात रिपोर्ट होता. "सुबह से क्या-क्या पिया आपने? जूस? नारियल पानी?"

"नहीं," मी म्हणालो. "चाय और थोड़ा पानी."

"पीजिएगा भी मत. किडनी काम नहीं कर रही, पोटैशियम बहुत बढ़ गया है. नारियल पानी में वही भरा रहता है. थोड़ा और बढ़ता तो दिल रुक सकता था." मग त्या सिस्टरला इंजेक्शनचं सांगून डायलिसिसची तयारी करायला गेल्या.

मी शेजारी पाहिलं. ते डोक्यावरून चादर ओढून हुंदके देत होते. मी हाक मारली तेव्हा चादरीआडूनच म्हणाले, "मैं सोचत रेहेंव, देवी के जिनिस चोरा के पी डारेंव, अब मैं नइ बाँचौं." म्हणजे इतका वेळ तो माणूस तिथे पडून देवीच्या शिक्षेची वाट बघत होता. मी खाटेच्या कठड्यावरून हात लांबवला. "उसी ने पिलाया आपको," मी म्हणालो. "सुना ना, डॉक्टर क्या बोली?" त्यांनी माझा हात धरला, आणि मला न्यायला आले तेव्हाच सोडला.

मानेत नळी घातली. माझं रक्त बाहेर जाऊन यंत्रातून फिरून परत येताना मी बघत होतो, आणि आश्चर्य म्हणजे मला भीती वाटत नव्हती. असं काही वेळा करावं लागलं. किडन्या जाग्या होतीलच असं कोणी सांगत नव्हतं. मीही देवीला काही सांगायचं थांबलो. तुला ठाऊक, एवढंच म्हणायचो. मग एका सकाळी बाटलीत लघवी आली, जेमतेम तळ झाकेल इतकी. सिस्टरला ती दाखवताना मी लहान पोरासारखा रडलो. शेजारच्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले.

आज मी घरी आहे. रक्त तपासावं लागतं, पथ्य आहे, पण किडन्या आपलं काम करतात. मागणं अजून सुटलेलं नाही, पण काय द्यावं आणि ते कोणाच्या हातून, कोणाच्या तोंडात जावं, हे मी आता तिला शिकवत नाही. घडलं ते बायकोला मी कधीच सांगितलेलं नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या विश्वासानं सांगते, "देवीच्या नारळपान्यानंच वाचले हे." मी शेजारी बसून मान डोलावतो. तिच्या बोलण्यात खोटं असं काहीच नाही.