खोडलेली ओळ

डिझेलच्या धुराचा वास आला की जालन्याच्या कॉलेजातला आमचा जोडविषय आठवतो, व्यावहारिक लेखन. शिकवणारे सर पुण्याकडचे. मी धावडा गावचा, ‘न्हाई’ म्हणालो की ते माझी नक्कल करून वर्गाला हसवत. एकदा त्यांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू करायच्या सूचना लिहायला सांगितल्या. आमच्या मळ्यात इंजिन होतं, मी बराबर बारा ओळी लिहिल्या. ‘इंजिन सुरू होताच हँडल ओढून काढा’ ही शेवटची ओळ सरांनी लाल शाईनं खोडली. “एवढं गाढवालाही कळतं.” मी म्हणालो, “सर, तीच तर कामाची हाय.” “हाय काय? आहे म्हण!” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सर माझ्या सूचना करून बघायला वर्गाला घेऊन कापसाच्या जिनिंगमागच्या विहिरीवर गेले. आयुष्यात इंजिनाला हात न लावलेल्या त्या माणसानं बाह्या सारल्या, इंजिन फिरवायचं हँडल धरलं आणि मला म्हणाला, “वाच रे. लिहिलंय तेवढंच वाच.” मी अकरा ओळी वाचल्या आणि कागदाची घडी घातली. इंजिन धडधडलं, हँडल तसंच गरगरलं, आणि त्या आवाजातही मनगटाचं हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. आज माझे केस पिकलेत. बारावी ओळ मला तोंडपाठ होती, आणि ती म्हणायला वेळही होता.