वाटी रिकामी जात नाही

गाव सोडणारा माणूस आपली मुळं मागे ठेवून जातो, असं फार गंभीरपणे सांगितलं जातं. मी मिरजेच्या फलाटावर अर्धा किलो गवार विसरून आलो. आईनं ती आदल्या दिवशी मोडून, फडक्यात बांधून दिली होती. म्हैसूरला गवार मिळते की नाही, याची तिला खात्री नव्हती. गाडी सुटली तेव्हा ती हात हलवत होती आणि फडकं तिच्या शेजारी बाकावर होतं. पुढे तीन दिवस ती आणि बाबा गवारच खात होते, हे मला नंतर कळलं.

आता म्हैसूरला जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या घरात गवार शिजते, नवलकोल शिजतो, नावात बदनेकाई म्हणजे वांगं असून वांग्याशी काडीचा संबंध नसलेली, दुधीच्या चवीची सीमेबदनेकाईसुद्धा शिजते. तिकडे बाबा गेल्यापासून आई चहा-चपातीवर राहते. गेल्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडली. रक्त कमी आहे, रोज वेगवेगळ्या भाज्या आणि फळं पोटात गेली पाहिजेत, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे ये म्हटलं, तर घराला कुलूप लावायला ती तयार नाही. भाजी कर म्हटलं, तर म्हणते, "एकटीसाठी कढई काय काळी करायची?"

दूर राहणारा मुलगा अशा वेळी जे करतो तेच मी केलं. तक्ता केला, रंगीत. सोमवारी पालक, मंगळवारी बीट, बुधवारी दोडका, रोज एक फळ. आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर कढई दाखवू लागली. मला इतकं समाधान वाटलं की तो तक्ता मी ऑफिसातल्या दोघांना फॉरवर्डही केला. त्यांच्याही आया गावाकडेच असतात.

आमच्या घरमालकीणबाई तीन पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी शिंपी कुटुंबातल्या. त्या म्हणाल्या, "सुम्ने तक्ता काय पाठवता? तिच्यासमोर ताट घेऊन कोण बसतंय, ते सांगा." सुम्ने म्हणजे उगाच. मी हसून विषय बदलला.

गणपतीत घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. एकटीपुरती भाजी करायची आईला सवयच नाही. कढई भरायची, मला दाखवायची आणि मग वाट्या शेजारी जायच्या. आमच्या गल्लीत आलेली वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. त्यामुळे पालकाच्या बदल्यात शंकरपाळी यायची, बिटाच्या बदल्यात शिरा. आई जेवायची ते हे. फळं आधी देवापुढे, मग प्रसाद म्हणून दारोदार. तिच्या वाट्याला एक फोड.

मी रागावलो. ती ओशाळून पदराशी चाळा करत म्हणाली, "एकटीच्या घशाखाली उतरत नाही रे."

याला तक्त्यात रकाना नव्हता. चार दिवस मी तिच्यासमोर बसून जेवलो. ती दोडकासुद्धा दोनदा घेऊन जेवली. पाचव्या दिवशी माझी गाडी होती.

तुमच्यापैकी जे निघून आले, त्यांना हे सांगायला नको. घर म्हणजे आता फोनवर दिसणारी एक कढई. तिच्यात काय आहे ते दिसतं, कोण खाणार ते दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मिरजेला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर नंजनगूडची रसबाळे केळी पाठवली. मोजून सहाच, वाटायला उरू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन करून कशी होती ते विचारलं.

"फार गोड होती म्हणे," आई म्हणाली.

तिचं रक्त अजून कमीच आहे. गल्लीत मात्र यंदा कुणी आजारी पडलेलं नाही.